पोच येईपर्यंत पेन्सिल

नियम पाळणाऱ्यांतली मी कधीच नव्हते. शाळेत दोन वेण्या घालायचा नियम, घरी तिन्हीसांजेला केस न विंचरायचा नियम, सगळ्यांशी माझं वाकडं. पण दोन हजार सहा-सातच्या सुमाराला एका काजू कारखान्यातल्या कॉम्प्युटरला मात्र मी नियम घालून दिले होते, आणि माझ्या त्या शहाणपणापायी एका आईचा मुलगा तिच्यापासून कायमचा तुटायची वेळ आली होती. आज हे मी हसत सांगते. तेव्हा मात्र ढसाढसा रडले होते.

कारखाना वेंगुर्ल्याहून कुडाळला जाणाऱ्या रस्त्याला लागून होता. मी कुडाळला कॉम्प्युटरचा कोर्स केलेला, वय चोवीस, नाकावर राग आणि तोंडाचा पट्टा चालू. कचेरीत आम्ही दोघंच. मी आणि आबा. आबा तालुक्याच्या सरकारी कचेरीत बारनिशीला होते. म्हणजे येणारा-जाणारा प्रत्येक कागद वहीत चढवायचं टेबल त्यांचं. निवृत्त झाल्यावर ते आमच्याकडे आले आणि येताना ती सवय तशीच्या तशी घेऊन आले. खिशात दोन पेनं, एक पेन्सिल, आणि खोडरबर तर चक्क रुमालात गुंडाळलेलं.

त्यांची रीत अशी. कारखान्यातून पत्र बाहेर पडलं, की जावक वहीत त्याचा क्रमांक, तारीख, कोणाला, विषय, हे सगळं आधी पेन्सिलीने लिहायचं. शेवटचा रकाना ‘पोच’. पत्र मिळाल्याचं समोरच्याकडून कळलं, की पेन्सिलीची अक्षरं पुसायची आणि तिथंच शाईने लिहायचं. शनिवारी दुपारी डबा खाऊन झाला, की वही उघडून पेन्सिलीत राहिलेले क्रमांक ते मोठ्याने वाचत.

“तीनशे बारा. पोच?”

“नाही, आबा.”

“तीनशे सतरा. पोच?”

“अहो नाही म्हटलं ना!”

मी वैतागले, की त्यांची कचेरीतली शुद्ध मराठी गळून पडायची. “हातातसून सुटला म्हणजे पोचला असा नसता गो बाय,” म्हणायचे, आणि पुढचा क्रमांक वाचायचे. मला वाटायचं, काय हा म्हाताऱ्याचा खुळेपणा.

मग मालकांनी गोव्याहून एक सॉफ्टवेअर आणवलं. ते बसवायला आलेला माणूस भरभर बोलणारा होता, दोन दिवसांत मला सगळं शिकवून निघून गेला. त्या सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक ग्राहकाचं एक पान असायचं आणि नियम आपणच लिहायचे. सर्व्हिस रूल म्हणायचे त्यांना. ‘अमुक घडलं, की तमुक कर’, एवढंच ते. मी पहिला नियम लिहिला तो जावक मेलचा. ग्राहकाला मेल पाठवला, की त्याची जशीच्या तशी प्रत, तारीख, वेळ, जोडलेले फोटो, सगळं त्या ग्राहकाच्या पानावर आपोआप चढायचं आणि वर लिहून यायचं, ‘जावक झाले’. पहिल्यांदा ते उमटलं तेव्हा मी खुर्चीतून उठून टाळ्या वाजवल्या होत्या.

घडणाऱ्या गोष्टींची एक यादी होती. तिच्यात ‘मेल पाठवला’ असं एक घर होतं आणि त्याच्याखाली ‘मेल परत आला’ असं दुसरं. मी पहिल्या घरात खूण केली आणि दुसरं रिकामं सोडलं. का? तर आमच्याकडचे निम्मे पत्ते जुने, चुकलेले. परत आलेल्या मेलांच्या इंग्रजी चिठ्ठ्यांनी पान भरून गेलं असतं आणि मालक म्हणाले असते, हा काय कचरा. म्हणून मी हौसेने आणखी एक नियम लिहिला. अशी चिठ्ठी आली, की कोणालाही न सांगता ‘इतर’ नावाच्या कप्प्यात टाक. झालं, पान स्वच्छ! मालक खूश, मी त्याहून खूश.

त्याच आठवड्यात मालक आबांना म्हणाले, “आबा, आता ती वही बंद करा. सगळं हिच्यात चढतंय.” आबा “बरं” म्हणाले. वहीच्या शेवटच्या पानावर दोन ओळी कोऱ्या होत्या. तेवढ्या भरल्या की बंद करतो, म्हणाले. मालकांनी मान हलवली.

त्या दोन ओळींपैकी पहिली काकींसाठी गेली.

काकी म्हणजे काजूगरांची साल काढायच्या खोलीत बसणारी एक बाई. घर किनाऱ्यावर, माणसं मासेमारीची. पावसाळ्यात होड्या वर ओढल्या, की त्या वाडीतल्या बऱ्याच बायका आमच्याकडे कामाला येत. काकींचा नवरा दोन वर्षांपूर्वी गेलेला. त्याचं बारावं झालं त्या दिवशी एकुलता एक मुलगा म्हणाला, मी जहाजावर नोकरीला चाललो, होडी कुजली तर कुजू दे. काकींच्या तोंडून निघून गेलं, “जा, आणि परत या उंबऱ्यार पाय ठेव नको.” तो गेला तो गेलाच. दोन वर्षांत ना पत्र, ना फोन. जहाजावरून सुट्टीवर आलेल्या वाडीतल्या एकाने त्याच्या जहाजाचा ईमेल पत्ता कॅलेंडरच्या तुकड्यावर लिहून दिला होता. तो तुकडा पदराच्या गाठीत बांधून काकी आबांपुढे येऊन उभ्या राहिल्या.

“आबा, ह्या पत्त्यार कागद जाता काय?”

आबांनी तुकडा माझ्याकडे सरकवला. मालकांना विचारलं, ते हो म्हणाले.

प्रश्न होता होडीचा. काकींच्या वाडीत रीत अशी, की नारळी पौर्णिमेला होडीवरून समुद्राला नारळ ज्याच्या हातून सुटेल, तो त्या वर्षाचा होडीचा धनी. दोन वर्षं होडी पाण्यात गेलीच नव्हती. आणखी एक वर्ष अशी राहिली असती तर फळ्या उकलल्या असत्या. काकींच्या दिरांनी शांतपणे विचारलं होतं, पोर येणार असेल तर ठीक, नाही तर यंदा नारळ मी सोडतो. दिरांचं काही चुकत नव्हतं, जाळी बघायची, माणसं बघायची, सगळं आधीपासून करावं लागतं. पण काकींचा जीव टांगणीला लागला होता. होडी एकदा दुसऱ्याच्या हाताखाली गेली, की मुलाला परत यायला इथं काय उरणार होतं? तो शिव्या घालत का होईना, पण बापाच्या होडीसाठी येईल, एवढीच आशा धरून ती बाई बसली होती.

“काय लिहू, काकी?”

त्या माझ्या टेबलाशी उभ्याच राहिल्या. बसा म्हटलं तरी बसल्या नाहीत. “लिव. झिला, मी बरी आसंय.” मग सुरुवात झाली ती थांबेचना. शेजारणीची म्हैस व्यायली ते लिव. तुझ्या बापाशीची होडी माडाच्या झापांनी शाकारून ठेवलीय, ते लिव. माडाक यंदा नारळ बरे धरलेत, लिव. मी इंग्रजी अक्षरांत मालवणी टाइप करत होते, कारण जहाजावरच्या कॉम्प्युटरवर आपली अक्षरं दिसतील की चौकोन, कोणास ठाऊक. बोटं दुखायला लागली तेव्हा त्यांनी टेबलाची कड धरली. मी वर बघितलं.

“लिव,” त्या म्हणाल्या, आवाज खाली आला होता. “तुका मी म्हटलंय, या उंबऱ्यार परत पाय ठेव नको. तेच्यानंतर मी पण थंय पाय ठेवक नाय. फुडला दार बंद करून ठेवलंय. मागल्या दारान येतंय, मागल्या दारान जातंय. तू येवन फुडला दार उघड.”

मी ते लिहिलं. आबा खिडकीबाहेर बघत होते. माझ्या डोळ्यांत पाणी आलं आणि ते कोणाला दिसू नये म्हणून मी उगाच की-बोर्डवर खेकसले, “ही एक कळ मेली दाबली जात नाही नीट!”

खरं तर एवढ्यावर थांबायला हवं होतं. पण मी कुठली थांबायला! मला वाटलं, पोराने आईचा चेहरा बघितला तर विरघळेल. कारखान्यात काजूचे नमुने टिपायला एक डिजिटल कॅमेरा होता. तो रविवारी मागून घेतला, किनाऱ्यावर गेले आणि काकींना होडीला टेकून उभं केलं. काकींनी केसांत अबोलीचा वळेसर माळला होता. तोंड मात्र असं घट्ट मिटलेलं, की जणू सरकारी कागदासाठी फोटो काढतायत. “काकी, हसा की जरा!” म्हटलं तर म्हणाल्या, “हसान काय करू? तो येवंदे, मगे हसतंय.” तीन फोटो काढले. सोमवारी तिन्ही मेलला जोडले.

मेल पाठवायला आधी त्या मुलाचं ग्राहकाचं पान हवं, नाही तर नोंद चढणार कुठे? म्हणून मी त्याला ग्राहक करून टाकला. व्यवसाय या रकान्यात ‘जहाज’ लिहिलं. आमचं इंटरनेट म्हणजे फोनची तार. फोटो चढता चढता माझा चहा पिऊन झाला, कप विसळून झाला, आणि शेवटी उमटलं, ‘जावक झाले’. खाली तारीख, वेळ, सगळा मजकूर, तिन्ही फोटो. मी ते पान छापलं आणि साल काढायच्या खोलीत जाऊन काकींच्या हातात दिलं. “गेला बघा मेल. हे त्याचं प्रमाण.” सगळ्या बायका गोळा झाल्या. काकींना वाचता येत नव्हतं. त्यांनी तो कागद कपाळाला लावला आणि घरी नेऊन देवांच्या मागे ठेवला.

कचेरीत आले तर आबा वहीत पेन्सिलीने क्रमांक घालत होते.

“आबा, शाईने लिहा. कॉम्प्युटर खोटं बोलत नाही.”

“खोटा नाय बोलत गो,” आबा वर न बघता म्हणाले. “तेका जितक्या म्हायत आसा, तितक्याच तो सांगता.”

पहिले काही दिवस काकी काम सुटल्यावर रोज खिडकीशी यायच्या. काही विचारायच्या नाहीत, नुसत्या भुवया उचलायच्या. मी मान हलवायची. मग दिवसाआड यायला लागल्या. पाऊस कोसळत होता, तार सारखी तुटत होती, आणि मी त्यांना धीर द्यायची, जहाज समुद्रात असतं काकी, वेळ लागतो. पुढे पुढे त्या येईनाशाच झाल्या. एक दिवस मी पाणी प्यायला त्यांच्या खोलीत गेले, तेव्हा एक बाई त्यांना विचारत होती, “झिलाचा काय कळला?” आणि काकी मान खाली घालून काजूची साल काढत म्हणाल्या, “गेलो कागद तेका. कागद गेल्याचा छापून दिल्यानी. वाचल्यान आसतलो. तेका येवचा नाय.”

बघा आता. तो कागद मी दिला नसता, तर बिचारीला निदान वाटलं असतं की वाटेत कुठं अडकला असेल. माझ्या छापील प्रमाणाने तिची ती एक फट पण बुजवून टाकली होती. पण हे मला तेव्हा सुचलंच नाही. मी मनातल्या मनात त्या मुलालाच शिव्या घालत होते.

नारळी पौर्णिमा आठवड्यावर आली. शनिवार होता. काकी दुपारच्या सुट्टीत कचेरीत आल्या आणि आबांना म्हणाल्या, “आबा, माझी ती ओळ खोडून टाका. दिराक सांगलंय, सोमवारी जाळी घेवन जा म्हणान. यंदाचो नारळ तोच सोडतलो.” बोलताना त्यांनी आमच्या कोणाकडे बघितलं नाही. भोंगा झाला, त्या परत कामावर गेल्या.

आबांनी रुमालातून खोडरबर काढलं. वही उघडली. मी बघत होते. त्यांनी रबर त्या ओळीवर ठेवलं आणि तसंच धरून बसले. मग माझ्याकडे वळून नेहमीच्याच आवाजात क्रमांक वाचला आणि विचारलं, “पोच?”

माझा तोल गेला. “आबा, पुरे हो आता! गेलाय तो मेल. शंभर वेळा सांगितलं. पोराला आई नको असेल तर त्यात माझा कॉम्प्युटर काय करणार?”

आबा चिडले नाहीत. “तसं नाही,” म्हणाले, आता अगदी कचेरीच्या भाषेत. “आमच्याकडे पत्ता सापडला नाही, तर टपालवाला पाकीट परत आणून देतो. ती परत आलेली पाकिटं आम्ही डाव्या खणात ठेवायचो. तुझ्याकडे परत आलेलं कुठे ठेवतात?”

मी खुर्ची पडद्याकडे वळवली.

‘इतर’ कप्पा मी लिहिल्यापासून एकदाही उघडला नव्हता. उघडला. शेकड्याने चिठ्ठ्या. मी त्या तारखेपर्यंत खाली गेले, आणि तिथे ती होती. मेल गेल्यानंतर सात मिनिटांनी परत आलेली. इंग्रजीत दोन ओळी. मेल फार जड आहे, जहाजाच्या टपालात घेता येत नाही, परत पाठवत आहोत. जहाजावर मेल उपग्रहावरून जातो आणि तिथे फोटोबिटो चालत नाहीत, हे मला गावीही नव्हतं. माझे तीन फोटो! अबोलीच्या वळेसरासकट! त्यांनीच सगळा मेल बुडवला होता, आणि माझ्या नियमाने ती बातमी गुपचूप पुरून ठेवली होती.

मी रडायला लागले. आबांनी पाण्याचा तांब्या पुढे केला. “रडान काय होतला? जा, सांग तिका.”

त्या चिठ्ठ्या चाळण्यात संध्याकाळ झाली होती, काम सुटून काकी घरी निघून गेल्या होत्या. मी भिजत त्यांच्या वाडीत गेले. पुढचं दार बंद, त्याच्यापुढे सुक्या झावळ्यांचा भारा रचलेला. घराला वळसा घालून मागच्या दाराने आत शिरले. काकी चुलीपुढे होत्या. मी उभ्याउभ्याच सगळं सांगून टाकलं. नियम, कप्पा, फोटो, सगळं. त्यांना त्यातलं किती कळलं देव जाणे. त्यांनी एकच विचारलं.

“म्हणजे तेका गावाकच नाय?”

“नाही, काकी. मिळालाच नाही त्याला. माझी चूक झाली.”

त्या उठल्या. माझ्या पाठीत असा धपाटा बसला, की मी भिंतीला टेकले. “शिरा पडो तुझ्या त्या कॉम्प्युटरार!” त्या ओरडल्या, आणि लगेच मला धरून हुंदके द्यायला लागल्या. “तेका गावाक नाय. माझ्या झिलाक गावाकच नाय गो!” असा आनंद मी कोणाच्या तोंडावर बघितलेला नाही. पाठ चुरचुरत होती आणि मीही त्यांच्याबरोबर रडत होते.

तशाच आम्ही दोघी कारखान्यात परत आलो. आबा कुलूप न लावता थांबले होते. मी आधी ‘मेल परत आला’ या घरात खूण केली. परत आला, तर आता माझ्या समोरच्या पानावर लाल अक्षरांत दिसणार होतं. मग काकींना विचारलं, काय लिहू?

“कमी लिव गो बाय. जड होवचा नाय असा लिव.”

तीन ओळी झाल्या. ‘मी बरी आसंय. माका राग नाय. पुनवेक होडी काको नेता, येतंस काय?’ दाराचं त्यांनी सांगितलं नाही, मीही आठवण केली नाही. एका जास्तीच्या अक्षराचीसुद्धा धास्ती बसली होती. मेल गेला. आम्ही तिघं पडद्याकडे बघत अर्धा तास बसलो. लाल काही उमटलं नाही. आबांनी वहीतली शेवटची ओळ पेन्सिलीने भरली.

“मग पहिली ओळ खोडायची ना आता?” मी विचारलं.

“कित्याक? ता पत्र अजून पोचाक नाय,” आबा म्हणाले.

काकी तिथूनच दिरांकडे गेल्या आणि पौर्णिमेपर्यंत थांब म्हणून सांगून आल्या. बुधवारी सकाळी कॉम्प्युटर चालू केला, तर उत्तर आलेलं होतं. इंग्रजी अक्षरांत, सगळी मोठी अक्षरं. ‘आये, होडी कोणाक देव नको. नारळ तू सोड. मी चवथीक येतंय.’ मी कागद घेऊन साल काढायच्या खोलीकडे अशी धावले, की मालक बाहेर आले, आग लागली की काय बघायला. मोठ्याने वाचलं. सगळ्या बायका एकदम बोलायला लागल्या. काकींनी हातातला काजूगर सोलून पाटीत टाकला, दुसरा घेतला, तोही सोलला. मग म्हणाल्या, “परत एकदा वाच.” मी चार वेळा वाचलं. आबांनी शेवटची ओळ पुसून शाईने लिहिली.

पौर्णिमेला मी किनाऱ्यावर होते. बाईने नारळ सोडायचा म्हणून दोन-चार जणांनी कुरकुर केली, पण दीर भले. “तेचा सांगणा आसा. तेच्या वतीन सोडता ती,” म्हणाले आणि स्वतः हाताला धरून त्यांनी वहिनीला होडीत चढवलं. काकींच्या हातून नारळ सुटला. त्या काही पुटपुटल्या, ते लाटांत मला ऐकू आलं नाही.

चतुर्थीच्या आदल्या दिवशी दुपारी कचेरीच्या दारात एक उंच, काळासावळा तरुण पिशवी घेऊन उभा राहिला. कुडाळ स्टेशनवर उतरून आधी घरी न जाता तो सरळ इथं आला होता, कारण आई कामावर असणार हे त्याला माहीत होतं. “मेल तुम्ही धाडलात काय?” त्याने मला विचारलं. “माका मगे तुमचो काजीचो दरपत्रक पण इलो.” मी जीभ चावली. ग्राहक केलं होतं ना त्याला, सॉफ्टवेअरने काजूचं दरपत्रकसुद्धा धाडून दिलं होतं! तिघंही हसलो. मग मी म्हटलं, “तुमच्या आईने आधी एक मोठा मेल पाठवला होता. फोटो होते त्यात. तो तुम्हाला मिळाला नाही.”

“फोटो? कसले फोटो? माका तीनच ओळी गावल्यो.”

आणि तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. मेल पोचला नव्हता, पण माझ्या त्या अर्धवट नियमाने त्याची जशीच्या तशी प्रत त्याच्या पानावर ठेवली होती. मी पान उघडलं आणि माझी खुर्ची त्याला दिली.

आधी फोटो आले. होडी, झापं, अबोली, मिटलेलं तोंड. तो बराच वेळ बघत राहिला. मग ओठ हलवत वाचायला लागला. म्हशीपाशी थोडा हसला. माडापाशी मान हलवली. शेवटच्या ओळींवर आला आणि थांबला. परत वर गेला, परत खाली आला. तेवढ्यात कोणीतरी सांगितलं म्हणून काकी धावत दारात आल्या. हाताला काजूची तांबूस सालपटं चिकटलेली. तो उठला नाही. तिथूनच त्याने विचारलं,

“आये, खरा काय गो ह्या? मागल्या दारान जातंस?”

“मगे? तुका सांगललंय, ता माका लागू नको?”

त्याने टेबलावर डोकं टेकलं आणि लहान पोरासारखा रडला. काकी त्याच्या पाठीवर हात फिरवत राहिल्या. सालपटं त्याच्या शर्टाला चिकटत होती. मी आणि आबा भिंतीकडे बघत उभे होतो. जरा वेळाने आबांनी घसा खाकरला, जावक वही उघडली आणि त्याच्यापुढे फिरवून ठेवली.

“ही ओळ,” ते पेन्सिलीच्या अक्षरांवर बोट ठेवून म्हणाले. “पोच राहिलीय. सही करा.” आणि खिशातलं पेन त्याच्या हातात दिलं.

त्याने शेवटच्या रकान्यात सही केली. सहीच्या वर काहीतरी लिहिलं.

“काय लिवल्यान?” काकींनी आबांना विचारलं.

“मिळाला म्हणान लिवल्यान.”

काकींनी मान डोलावली. त्याची पिशवी त्यांनी उचलून घेतली आणि दोघं बाहेर पडली. आबांनी पेन्सिलीची ओळ पुसली, शाईने लिहिली, वर फुंकर घातली आणि वही मिटून कपाटात ठेवली. त्यानंतर शनिवारचं वाचन माझ्याकडे आलं, कॉम्प्युटरवरच्या पोच न आलेल्या मेलांचं. ते मी अजून करते.

चतुर्थीला मी त्यांच्याकडे गणपतीच्या पाया पडायला गेले. मागच्या वेळेसारखाच घराला वळसा घातला आणि मागच्या दारात चपला काढल्या. आत काकी करंज्या तळत होत्या. मला बघून त्यांनी झारा उगारला.

“मागल्या दारान कित्याक इलंस गो? फुडल्या दारान ये!”

मी निमूट चपला उचलल्या, वळसा घालून पुढच्या अंगणात गेले. झावळ्यांचा भारा तिथं नव्हता. मी चपला काढल्या आणि उंबरठा ओलांडून आत गेले.